मोटार कीं श्वापद ?

रस्त्यानें पायीं जाणाऱ्या मनुष्यास मोटारीचा धक्का बसतो, तो जायबंदी होतो आणि मोटारवाल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावतो. ह्यांत विनोदास जागा कोठें, असें कोणीहि विचारील. ए. पी. हर्बर्ट ह्या इंग्रज लेखकास (१८९०–१९७१) ती बरोबर सांपडली. बॅरिस्टर होऊनहि वकिली कधींच न केलेल्या ह्या गृहस्थानें 'पंच' साप्ताहिकांत काल्पनिक खटल्यांचे निकाल लिहिले. 'अनकॉमन लॉ' (१९३५) हा त्यांचा संग्रह. 'हॅडॉक विरुद्ध थ्वेल' हा त्यांतलाच एक.

ह्या निकालांतील न्यायाधीश स्वतः हंसत नाहीं, हेंच त्याचें मर्म. कायद्याच्या दृष्टीनें मोटार म्हणजे काय, असा प्रश्न तो गंभीरपणें घेतो आणि ती वन्य श्वापदाच्या कोटींत बसवितो. ह्यामागें १८६८ चा 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' हा खराखुरा निकाल आहे. लँकेशायरमधील एका गिरणीमालकानें जलाशय बांधविला. पाणी जुन्या विवरांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी जबाबदार तोच ठरला. सुटल्यास अनर्थ करणारी वस्तु ज्यानें आणून सांठविली, तिचा धोका त्याच्या माथीं. कोंडलेल्या पाण्याला हा न्याय, तर मोटारीला कां नसावा ? (जमिनीची अट रस्त्याला कशी लागेल, ही शंका वकिलांनीं खुशाल काढावी.)

ह्याच संग्रहांतील 'फार्डेल विरुद्ध पॉट्स' अधिक गाजलेला आहे. कायद्याला 'समंजस पुरुष' ठाऊक आहे, 'समंजस स्त्री' नाहीं, असा तेथील निष्कर्ष. आमच्या मतें तो शब्दच्छल होय. चतुर खरा, पण हंसून संपणारा. मोटारीच्या निकालांत मात्र अतिशयोक्ति जवळजवळ नाहींच.

दोष आहे तो वादीच्या निवडींत. हॅडॉक हा कज्जेदलालीची हौस असलेला सुखवस्तु गृहस्थ. त्याच्या हाडांची काळजी वाचकास क्षणभरहि वाटत नाहीं. खऱ्या पादचाऱ्यास चालकाची हयगय सिद्ध करावी लागते, आणि तो तर बेशुद्ध पडलेला असतो किंवा मेलेला. बघे पांगतात, चालक आपली हकीकत सांगावयास शुद्धीवर असतो. ही विषमता हर्बर्टच्या तर्काचा खरा पाया, पण तिच्यावर त्याची लेखणी रेंगाळत नाहीं.

ती आमच्याकडे रेंगाळली. एका जीपचा पुढचा टायर फुटला, जीप उलटली व तिच्याखालीं एक पादचारी चिरडून मेला. हयगय कोणाचीच शाबीत होईना. १९८२ च्या दुरुस्तीनें अशा प्रसंगीं ठराविक अल्प रकमेची सोय झाली होती. तिच्यापलीकडील वारसांचा दावा खालीं टिकला नाहीं. २००१ सालीं 'कौशनुमा बेगम' खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याच 'रायलंड्स'चा आधार घेऊन वारसांस न्याय दिला. हर्बर्टनें थट्टेनें जो रस्ता दाखविला, त्यानें आमचे न्यायमूर्ति निमूटपणें चालत गेले; त्यांनीं तो वाचला होता कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हातीं हे दोन्ही निकाल एकत्र द्यावेत. पण आधीं हर्बर्टचा.