माळ वगळलेलीं चित्रें

सोलापुरांत पाहण्यासारखें काय आहे, असें परगांवच्या पाहुण्यानें विचारलें म्हणजे आपण त्यास सिद्धेश्वराचें देऊळ व तळें दाखवितों, भुईकोट किल्ल्यांत फिरवून आणतों आणि जातांना हातांत एक चादर व शेंगाचटणीची पुडी ठेवतों. शहराबाहेरचा माळ त्यास दाखवावा हें आपल्या मनांतहि येत नाहीं. 'उजाड' हा एक शब्द आपण त्या माळासाठीं राखून ठेवला आहे आणि तेवढ्यावर आपलें काम भागतें.

अलीकडे मात्र रविवारीं पहांटे गळ्यांत कॅमेरा अडकवून याच माळाकडे निघणारीं मंडळी दिसूं लागलीं आहेत. कोणी हिप्परग्याच्या तलावाकडे जातात, कोणी बार्शीच्या रस्त्यानें नान्नजला; थंडींत रोहित पक्षी उतरले कीं उजनीच्या पाण्याकडे गाड्या धांवतात. डॉक्टर, शिक्षक, बँकेंतील नोकरदार, त्यांचीं मुलें, सर्वच त्यांत असतात. छंद निरुपद्रवी, मुलांना बरोबर घेऊन करण्याजोगा. आम्हीहि अधूनमधून त्यांच्यांत असतों. या मंडळींचीं छायाचित्रें आम्हीं प्रदर्शनांत पाहिलीं आहेत, आणि मोबाईलवर तर रोज पाहतों. तीं पाहून झाल्यावर मनांत एक अतृप्ति राहते. तिचें कारण शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु.

हीं चित्रें वाईट असतात असें कोणीं समजूं नये. त्यांतील कसब पाहून थक्क व्हावें लागतें. एखाद्या चंडोलाचें चित्र घ्या. चौकटभर चंडोल, तुऱ्याचें पीस न्‌ पीस मोजून घ्यावें, डोळ्यांत उगवत्या सूर्याचा ठिपका. आणि मागें? मागें लोण्यासारखा मऊ, एकरंगी पडदा. मोठ्या भिंगाची ही करामत आहे. नेम धरला तेवढें रेखीव उमटतें आणि बाकीचें सर्व विरघळून जातें. परीक्षकहि बहुधा यासच बक्षीस देतात. आमच्या पिढीच्या आजी-आजोबांचे जुने फोटो ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते एकदां काढून पाहावे. स्टुडिओंतील रंगविलेला पडदा, त्यावर खांब, कमानी, कारंजें, आणि त्यापुढें अवघडून बसलेलें जोडपें. तें जोडपें माढ्याचें कीं मंगळवेढ्याचें, हें त्या फोटोवरून सांगतां येत नसे. आजचा चंडोल त्याच पडद्यापुढें बसलेला आहे.

माळावरच्या पक्ष्याच्या बाबतींत ही चूक साधी नाहीं. धाविक, पखुर्डी, चंडोल, टिटवी यांचें सारें आयुष्य उघड्या जमिनीवर जातें. आडोशाला झाड नाहीं, झुडूपहि नाहीं. म्हणून मातीचा, खड्यांचा व वाळल्या गवताचा रंगच त्यांनीं अंगावर घेतला आहे. धाविक चार पावलें धांवतो आणि थबकतो. थबकला कीं समोर असून दिसेनासा होतो. आपण डोळे ताणून पाहत असतों, आणि ज्याला ढेकूळ समजलों तें ढेकूळ पुन्हां धांवूं लागतें. माळावर जाण्याचा सारा आनंद या एका क्षणांत आहे. दिसूं नये म्हणूनच जो घडला आहे, त्याला मऊ पडद्यापुढें ठसठशीत उभा करणें म्हणजे त्याचें बाह्यरूप अचूक सांगून त्याच्याविषयीं खोटें बोलणें होय. आमच्या मतें धाविकाचें उत्तम चित्र तेंच, ज्यांत पाहणाऱ्याला क्षणभर धाविक शोधावा लागतो.

यावर कोणी विचारील कीं, मग जवळून घेतलेलें चित्र सर्वस्वीं त्याज्य काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जर्मनींत कार्ल ब्लॉसफेल्ट नांवाचे एक कलाशिक्षक होऊन गेले. विद्यार्थ्यांना आकार शिकविण्यास नमुने हवेत म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें कोंब, कळ्या, बोंडें, वेलींचे ताणे यांचीं साध्या पार्श्वभूमीवर अनेक पटींनीं मोठीं छायाचित्रें घेतलीं. १९२८ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला आणि जाणत्यांनीं तो डोक्यावर घेतला. नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबांत कुशल लोहाराच्या हातची नक्षी त्यांनीं दाखविली. तेथें आकार हाच विषय होता. रान दाखविल्याचा आव त्यांनीं आणला नाहीं. आमच्याकडचीं मंडळी विष्णुक्रांतेचें नखाएवढें निळें फूल चौकटभर करतात आणि खालीं 'माळावरील सौंदर्य' असें लिहितात, तेव्हां आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं, माळ कोठें आहे? सकाळीं उमलून दुपारपर्यंत मिटणारें तें फूल खडकाळ मुरुमांत, गुरांच्या खुरांमधून कसें तग धरतें हें पाहिलें, तर त्याचें निळेपण दुप्पट होतें. तरवडाचा पिवळा बहर, ज्वारीच्या बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, यांचेंहि तसेंच. कुर्डूस शेतकरी तण म्हणून उपटतो, त्याच्याच कोवळ्या पानांची भाजीहि होते. हा सारा संसार त्या तुऱ्याच्या आसपास असतो आणि चित्रांत त्याचा मागमूस नसतो.

आतां एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. एका मे महिन्यांत आमच्या सोबतच्या एका सद्‌गृहस्थांस टिटवीचीं अंडीं आढळलीं. टिटवी घरटें बांधीत नाहीं. खड्यांतच खळगा करून अंडीं घालते, आणि तीं खड्यांसारखींच ठिपकेदार असतात. चित्र स्वच्छ यावें म्हणून या गृहस्थांनीं भोंवतालचे खडे व काड्या हातानें बाजूला सारल्या. टिटवी डोक्यावर आकांत करीत होती. आम्ही उभे होतों आणि कांहीं बोललों नाहीं. तो आमचाहि दोष. चित्र सुरेख आलें. पुढच्या रविवारीं पाहतों तों खळग्यांत एकहि अंडें नव्हतें. कावळ्यानें नेलीं कीं मुंगसानें, कोण सांगणार? वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यांत शिकारीची जी व्याख्या आहे, तींतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणें अंतर्भूत केलें आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी कलेच्या दृष्टीनेंहि तें कृत्य आत्मघातकी होतें. जे खडे दूर केले, तेच तें चित्र होतें.

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांसह पुस्तक काढलें. त्यांच्यापाशीं आजच्यासारखें दूरचें जवळ आणणारें भिंग नव्हतें. पक्षी बिचकूं नये म्हणून पोकळ केलेल्या बैलाच्या सोंगांत दडून बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आज दूरवरून पीस टिपणारें भिंग हातांत आहे, तरीहि आम्हांस घरट्यापाशीं जावेंसें वाटतें, हें आश्चर्य नव्हे काय?

चित्राखालच्या मजकुराचीहि तीच तऱ्हा. भिंगाचा आंकडा, शटरचा वेग, कॅमेऱ्याची कंपनी, सर्व असतें. महिना नसतो, गवताचें नांव नसतें, आणि पक्ष्याचें नांवहि बहुधा इंग्रजी. घरट्याचा नेमका ठावठिकाणा छापूं नये हें खरें. पण कुसळीचें रान होतें कीं मारवेलाचें, पाऊस होऊन किती दिवस झाले होते, हें सांगितल्यानें कोणाचें अंडें फुटत नाहीं. निदान सोलापूरकरांनीं तरी ही उणीव राहूं देऊं नये. १९३२ सालीं याच शहरांत जन्मलेले आणि २०२५ सालीं येथेंच निवर्तलेले मारुति चितमपल्ली यांनीं पांखरांचीं मराठी नांवें रानांतल्या माणसांच्या तोंडून वेंचून आणलीं. त्यांच्या गद्यांत पक्षी कधीं एकटा येत नाहीं. झाड, पाणी, ऋतु आणि तेथील माणूस यांना घेऊनच तो येतो. २००६ सालच्या सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हां आपण त्यांना हार घातले. त्यांच्या पाहण्याची रीति मात्र उचलली नाहीं.

हें सारें आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों याचें कारण माळढोक. त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. आरंभीं त्याचा विस्तार सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर होता, तो पुढें १,२२२ पर्यंत उतरविण्यांत आला. पुरुषभर उंचीच्या गोष्टी सोडा, पण नराचें वजन १५ किलोपर्यंत भरावें असा हा पक्षी, आणि मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. साऱ्या देशांत आतां दीडशेच्या आंतच उरले आहेत, तेहि बहुतेक राजस्थानांत. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादी मादी दिसली तरी तिची बातमी होते. त्याचीं छायाचित्रें मात्र विपुल आहेत. आम्हीं तीं पुष्कळ पाहिलीं. मान, काळी टोपी, पंखांवरचे ठिपके, सर्व स्पष्ट. पण ज्या गवतांत तो उभा होता तें गवत किती उंच होतें, मोकळा माळ किती दूरवर पसरला होता, शेत कोठें सुरू होत होतें, हें त्यांपैकीं फार थोड्या चित्रांत सांपडतें. ज्या भूमीचें चित्र कोणीं काढलेंच नाहीं, तिला पडीक म्हणून तेथें खड्डे खणून झाडें लावणें सोपें जातें. आणि झाडें दाटलीं कीं माळढोकाला तें रान परकें होतें.

आमच्या संग्रहीं एका स्नेह्यानें दिलेलें एक जुनें कृष्णधवल छायाचित्र आहे. भिंग साधें, छपाई फिकी. खालीं दोन तृतीयांश नुसतें गवत, वाऱ्यानें एका अंगाला कललेलें, वर आभाळ, आणि डाव्या कोपऱ्यांत तांदळाएवढा उभा ठिपका. पूर्वीं तें दाखविलें कीं पाहुणे हंसत आणि विचारीत, यांत पक्षी कोठें आहे? आम्हीं बोट ठेवून दाखवीत असूं. गेल्या पावसाळ्यांत तें घेऊन त्याच जागीं गेलों. क्षितिजाची रेघ तेवढी जुळली. बाकी समोर हिरव्या झाडांची भिंत होती, आणि बरोबर आलेल्या मुलानें विचारलें, "यांत गवत कोठें आहे?"