‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’
इंग्रजींतील ‘एन्व्ही’ व ‘जेलसी’ या दोन्ही शब्दांस सरसकट ‘मत्सर’ हा एकच प्रतिशब्द योजणें आम्हांस मान्य नाहीं. दुसऱ्याचें वैभव पाहून होणारी जळजळ ती ‘एन्व्ही’. आपलें आहे तें दुसरा हिरावून घेईल या भयानें होणारी तळमळ ती ‘जेलसी’. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकांत कॅशिओस मिळालेलें पद इयागोला सलतें; ऑथेल्लो मात्र पत्नी परक्याची झाली या संशयानें निरपराध डेस्डिमोनाचा प्राण घेतो. दोघांनाही नुसतें ‘मत्सरी’ म्हटल्यास खल व नायक एकाच पंक्तीस बसतात आणि शोकांतिकेचें मर्म हरपतें. पहिलीस ‘हेवा’ हा आपला घरचा शब्द आहेच. दुसरीस ‘संशय’ पुरता पडत नसला, तरी तो ‘मत्सरा’हून जवळचा. कोशांत चालून जाणारी ढिलाई नाटकाच्या भाषांतरांत खपूं नये.