बेलिनीने मागितलेला कुंचला : संगणकीय चित्रांतील केशचित्रणाचा विचार

आल्ब्रेख्त ड्यूररच्या मानवी प्रमाणांवरील ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १५३२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत अनुवादक योआखिम कामेरारियुस याने एक आख्यायिका दिली आहे. वयोवृद्ध जोव्हान्नी बेलिनीने ड्यूररची चित्रे पाहिली, त्यांतील केसांची सूक्ष्मता पाहून तो थक्क झाला, आणि ज्या कुंचल्याने हे केस काढले तो एक कुंचला आपणास द्यावा, अशी त्याने मागणी केली. ड्यूररने आपले नेहमीचे कुंचले पुढे करून हवा तो घ्यावा असे सांगितले. ड्यूररला आपले म्हणणे कळले नाही, असे बेलिनीला वाटले. त्याला हवा होता तो एका फटकाऱ्यात अनेक केस उमटवणारा, फाकलेल्या टोकाचा कुंचला. तसा कुंचला असल्यावाचून इतक्या लांब वळणांत केसाकेसांतील अंतर सारखे राहील, हे त्याला संभवनीय वाटेना. तेव्हा ड्यूररने त्या साध्या कुंचल्यांतलाच एक उचलला आणि बेलिनीच्या देखत स्त्रियांच्या लांब नागमोडी बटा काढून दाखविल्या.

ही कथा एरवी हस्तकौशल्याच्या गौरवार्थ सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला मात्र तीत ड्यूररच्या उत्तरापेक्षा बेलिनीचा प्रश्न अधिक विचारार्ह वाटतो. कारण बेलिनीने मनाशी कल्पिलेला कुंचला आज खरोखरच अस्तित्वात आला आहे, आणि संगणकावर चित्रे काढणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याच्या संग्रही तो असतो. व्यवहारात त्याला ‘कस्टम ब्रश’ म्हणतात. तेव्हा बेलिनीला तो मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आता केवळ काल्पनिक राहिलेला नाही.

संगणकावरील ब्रश म्हणजे वस्तुतः एक शिक्का होय. पडद्यावर ओढलेली रेषा आपणास सलग दिसते. पण ती एकच ठसा अत्यल्प अंतरांनी पुनःपुन्हा उमटून तयार झालेली असते. ठसा एका वाटोळ्या ठिपक्याचा असेल तर साधी रेषा उमटते. त्यात लहानमोठे वीसपंचवीस ठिपके विखुरलेले असतील, तर एका फटकाऱ्यात तितक्याच समांतर रेषा उमटतात. लेखणीचा दाब रेषेच्या जाडीशी व गडदपणाशी जोडता येतो, फटकाऱ्याची दिशा ठशाच्या कोनाशी जोडता येते. (ही दुसरी जोडणी राहून गेली की फटकारा वळताच रेषा एकमेकींवर चढतात आणि केसांचा दोर होतो, नवशिक्यांच्या चित्रांत हा दोर हमखास आढळतो.) २००२ साली आलेल्या फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीने ब्रशची यंत्रणा नव्याने घडविली आणि अशा जोडण्या सर्वसामान्य चित्रकाराच्या हाती आल्या. तेव्हापासून केसांच्या ब्रशांचे तयार संच हातोहात फिरत आहेत.

या संचांनी काढलेले केस पहिल्या दृष्टिक्षेपात फसवतात, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या दृष्टिक्षेपात मात्र काहीतरी खटकते. ओल्या मातीवरून फणी फिरवावी तसे ते दिसतात. याचे कारण उघड आहे. ठशातील सर्व ठिपके एकाच दाबाचे अंकित असतात. त्यामुळे पंचवीस केस एकाच जागी जाड होतात, एकाच जागी बारीक होतात आणि एकाच ठिकाणी संपतात. शिवाय ते एकमेकांना कधीच ओलांडत नाहीत. खऱ्या केसांत खोली निर्माण होते ती या ओलांडण्यामुळेच : एक बट दुसरीच्या खालून जाते, तिच्या सावलीत तिसरी बुडते. क्रिटासारख्या प्रणालीत ब्रशच्या प्रत्येक तंतूला स्वतःचा रंगसाठा देण्याची आणि तो ओढता ओढता संपू देण्याची सोय आहे. तिने शेवटांची एकसारखी कापणी टळते, परंतु वळण तेवढे सर्वांचे एकच राहते. बेलिनीला जी गोष्ट कौशल्याची कसोटी वाटली, ते अंतराचे सारखेपण, नेमकी तीच यंत्राने सर्वांत सुलभ केली आणि नेमकी तीच वास्तवाभासाला मारक ठरली.

मग ड्यूररच्या समांतर रेषा का खटकत नाहीत? व्हिएन्नाच्या आल्बेर्टीना संग्रहालयातील त्याचा १५०२ सालचा ससा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. प्रथम जलरंगाचा तपकिरी पातळ थर देऊन त्याने सशाचे अंग, त्याचा गोलपणा, त्यावरील छायाप्रकाश सिद्ध करून घेतला. त्यावर मग गडद आणि पांढऱ्या अपारदर्शक रंगाच्या बारीक रेषांनी लव काढली. कानांवरील लव आखूड व दाट, छातीवरील लांब व विस्कटलेली, पाठीवरील एका दिशेने लवलेली. रेषा शेकडो आहेत. पण प्रत्येक रेषा ज्या अंगावर ती उगवली आहे त्याची वार्ता सांगते. प्रत्येकीचा आरंभ निराळा, दाब निराळा, अंत निराळा. बेलिनीच्या देखत ड्यूररने जे करून दाखविले ते एका फटकाऱ्यातील अनेक केस नव्हते, अनेक फटकाऱ्यांतील अनेक केस होते, आणि त्यांच्यात सारखेपणा होता तो एका मनाने काढल्याचा.

येथे थोडे गणित अप्रस्तुत होणार नाही. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि एका केसाची जाडी साधारणतः ०.०५ ते ०.१ मिलिमीटर भरते. इंचाला ३०० पिक्सेल या मानाने छापलेल्या चित्रात एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे डोके अगदी खऱ्या आकाराचे रंगविले तरी एक केस जेमतेम एका पिक्सेलएवढा होतो. त्याहून लहान चित्रात तो पिक्सेलचा अंश ठरतो. तयार ब्रशांतील केस पुष्कळदा पाचसहा पिक्सेल जाडीचे असतात. ते केस नव्हेत, सुतळ्या होत. डोळ्यालासुद्धा चार हातांवरून केस दिसत नाहीत. दिसतो तो केशसंभार, त्याची कड आणि त्यावरील चकाकीचा पट्टा. सुटा केस दिसतो तो फक्त कडेला, आकाशाच्या किंवा त्वचेच्या पार्श्वभूमीवर, आणि चकाकी जेथे तुटते तेथे.

या चकाकीविषयी गेल्या काही दशकांत संगणकशास्त्रज्ञांनी जे काम केले आहे, ते आपल्या चित्रकारांनी वाचावयास हवे. काजिया आणि के यांनी १९८९ साली केसाळ पृष्ठभागावरील प्रकाशाचे गणित मांडले. २००३ साली मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी केसाची मोजमापे घेऊन त्यात मोलाची भर घातली. केसावर अतिसूक्ष्म खवले असतात व ते टोकाकडे किंचित कललेले असतात. त्यांवरून परतणारा प्रकाश एक पट्टा निर्माण करतो. हा पट्टा दिव्याच्या रंगाचा असतो, केसाच्या नव्हे. काही प्रकाश केसाच्या आत शिरतो, पलीकडच्या भिंतीवर आदळून परततो आणि बाहेर येतो. त्याचा पट्टा पहिल्यापासून थोडा सरकलेला व केसाच्या रंगात न्हालेला असतो. उरलेला केसातून आरपार जातो. पाठीमागून उजेड आला की सोनेरी केस पेटल्यासारखे दिसतात ते त्यामुळे.

आता काळ्या केसांचा विचार करावा. काळ्या केसात रंगद्रव्य इतके दाट असते की आत गेलेला प्रकाश बहुतांशी आतच शोषला जातो. दुसरा आणि तिसरा प्रकार जवळजवळ लोपतो. उरतो तो पहिला, दिव्याच्या रंगाचा. म्हणूनच अंगणात उभ्या असलेल्या मुलीचे केस आकाशाने निळसर चमकतात आणि पिवळ्या दिव्याखाली तीच चकाकी पिवळट होते. तपकिरी छटा दिसते ती उन्हाकडे पाठ असताना, कडेच्या विरळ केसांतून.

असे असताना आपल्या विद्यार्थ्यांच्या संगणकीय व्यक्तिचित्रांत काय दिसते? काळ्या केसांच्या अंतरंगात, जेथे डोळ्याला सलग अंधार दिसतो तेथे, तपकिरी रंगाच्या शेकडो रेषा. सोनेरी आणि पिंगट केसांवर बेतलेली पद्धत रंग बदलून काळ्यांवर चढविलेली असते. त्यातून तेल लावून चोपून विंचरलेल्या केसांची तर दशाच होते. तेलाने केस सुटे राहत नाहीत. ते पट्ट्यापट्ट्यांनी एकमेकांस चिकटतात, भांगाशी त्यांच्या फटीतून त्वचा दिसते, आणि अंबाड्याकडे जाताना सारा संभार एखाद्या घडीव भांड्यासारखा वळतो. तेथे चित्रकाराला लागते ती गोलाईची समज. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांतील स्त्रियांचे केस या दृष्टीने पुन्हा पाहावेत. काळोखाचा एक मऊ गोळा, पार्श्वभूमीत विरघळणारी कड आणि मोजक्या जागी ठेवलेला उजेड एवढ्यावर त्याचे काम भागते. रविवर्मा अनेकांना आज जुना वाटतो, परंतु काळे केस त्याने पाहिले होते.

आपल्या परंपरेने केसांकडे पाहिले तेही संभार म्हणून. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात केसांचे जे प्रकार गणले आहेत, त्यांत कुंतल, दक्षिणावर्त, तरंग, सिंहकेसर अशी नावे येतात. उजवीकडे वळणारे, लाटांचे, आयाळीसारखे : बहुतेक भेद वळणाचे आणि गतीचे आहेत. लिओनार्दोनेही विंडसर येथील एका पानावर पाण्याच्या भोवऱ्यांची तुलना केसांशी केली आहे. केसाला एक गती त्याच्या भाराने येते, दुसरी त्याच्या कुरळेपणाने, आणि पाण्याचेही तसेच, असा त्याचा आशय. तयार ब्रशात या दोन गतींपैकी एकही नसते. ती हाताने द्यावी लागते.

याचा अर्थ कस्टम ब्रश त्याज्य आहे असा मात्र नव्हे. लघुचित्रांचे चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले स्वतः बांधीत, आणि त्यांना साधनशरण असे कोणी म्हटले नाही. चित्रपट वा खेळ यांच्यासाठी ठरावीक मुदतीत डझनावारी पात्रे रंगविणाऱ्यास प्रत्येक केस सुटा काढ म्हणणे हा केवळ दुराग्रह होईल. मधल्या टप्प्यावर, संभाराला पोत देण्यापुरता, असा ब्रश निश्चित उपकारक आहे. तक्रार आहे ती दुसऱ्याने पाहिलेला केस आपल्या चित्रात उमटविण्याबद्दल. स्वतःचा ब्रश घडवावयाचा तर ठशात किती ठिपके, किती विरळ, कोणते जाड, दाब कशाशी जोडावा आणि कशाशी जोडू नये, हे ठरवावे लागते. ते ठरविण्यासाठी आधी कोणाचे तरी डोके उजेडात बसवून तासभर न्याहाळावे लागते. जाडी दाबाशी न जोडता केवळ गडदपणा जोडला, तर तेल लावलेल्या केसांचे पट्टे पुष्कळच खरे वाटतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. कोरड्या, भुरभुरणाऱ्या केसांना ही जोडणी चालत नाही.

आणि कपाळावरील केसांची कड? तेथे आजवर पाहिलेला एकही संच कामास आला नाही. तेथे केस त्वचेतून उगवतात, प्रत्येकाचा कोन शेजाऱ्याहून वेगळा असतो, कानशिलाजवळ ते लवेत विरतात, आणि त्वचेची छटा केसांच्या काळेपणात मिसळून एक राखाडी पट्टा तयार होतो. तो पट्टा आधी मऊ ब्रशाने घालावा, मग दोन पिक्सेलचा साधा वाटोळा ब्रश घ्यावा आणि एकेक केस काढावा. बहुधा पंधरावीस पुरतात.