अचूक नेमाचा नायक

‘आयर्न मॅन’ हा चित्रपट २००८ साली आला. पुढे तो टीव्हीवर पाहून आलेल्या आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, वो लोग अपनी जबान क्यों बोल रहे थे?” टोनी स्टार्क या अमेरिकी शस्त्र-कारखानदाराला अफगाणिस्तानात डांबून ठेवणाऱ्या टोळीच्या तोंडी उर्दू वाक्ये आहेत. ज्या भाषेत मी वर्गात विज्ञान शिकवतो, तीच पडद्यावर अपहरणाची भाषा! मुलाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही.

महानायकांच्या कथा निव्वळ करमणूक असतात, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक मार्च १९४१चा. मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. हे पात्र निर्माण करणारे जो सायमन आणि जॅक किर्बी दोघेही ज्यू होते. भेदरलेल्या समाजाने नायकाच्या मुठीतून आपला निषेध नोंदवला होता. पुढे ही मूठ सत्तेच्या बाजूने वळली. १९६३च्या मूळ कथेत आयर्न मॅनला पकडणारे व्हिएतनाममधले कम्युनिस्ट होते. २००८मध्ये त्यांच्या जागी अफगाणिस्तानातली टोळी आली. नायक तोच राहिला, शत्रूची खुर्ची मात्र नव्या माणसाला मिळाली.

गुल्मीरा गावातला प्रसंग मला सर्वांत घातक वाटतो. ओलिस कोण आणि बंदूकधारी कोण, हे स्टार्कचे चिलखत क्षणात ओळखते. बंदूकधारी तेवढे मरतात, गावकऱ्यांना ओरखडाही उठत नाही. या चित्रपटाला अमेरिकी संरक्षण खात्याचे सहकार्य होते, हे येथे विसरता येत नाही. प्रत्यक्षात २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोन हल्ल्यात १० निरपराध माणसे मेली, त्यांत ७ मुले होती. कधीही न चुकणाऱ्या नेमावर प्रेक्षकाचा विश्वास बसला, की खऱ्या युद्धातील चुकांबद्दल तो प्रश्न विचारीत नाही.

तरीही चित्रपटावर अन्याय करू नये. टोळीच्या हातातली शस्त्रे स्टार्कच्याच कारखान्यातली आहेत, खरा कारस्थानी त्याचाच भागीदार आहे आणि त्याचा जीव वाचवणारा डॉक्टर यिन्सेन तिथलाच आहे. शिवाय २०१४पासून जर्सी सिटीतील पाकिस्तानी वंशाची कमला खान ‘मिस मार्व्हल’ म्हणून आपल्यासमोर आहे. २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसवर इस्लामविरोधी जाहिराती लागल्या, तेव्हा कोणीतरी त्यांवर तिचीच चित्रे चिकटवली. म्हणजे हे हत्यार उलटही फिरवता येते.

मात्र आपणही आरशात पाहायला हवे. ‘दास्ताने अमीर हमजा’ आपण कौतुकाने सांगतो. तिथे दुसऱ्या बाजूचे लोक बहुधा जादूगार नि काफिर असतात. त्यांनी शरण यावे किंवा मरावे. त्यांची मुले ती दास्तान ऐकत असतील, तर त्यांनाही माझ्या विद्यार्थ्यासारखाच प्रश्न पडत असेल.

त्या मुलाला आज मी एवढेच सांगेन : बेटा, गोष्ट जरूर पाहा. पण शत्रूला कोणती भाषा दिली आणि ती कोणी दिली, हे विचारायला विसरू नकोस. हाच प्रश्न आपल्या गोष्टींनाही विचार.