दिब्रिटोंचा दुसरा अनुवाद

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आमच्या कुर्डुवाडी जंक्शनवरूनच पुढे गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. चार वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, याच लातूर मार्गावरच्या उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड झाली तेव्हापासून काहींचा आक्षेप एकच होता : ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा? विहिरींसाठी लढलेला माणूस एका तहानलेल्या जिल्ह्यात येतोय, हे त्या गदारोळात बाजूलाच पडलं.

२५ जुलै २०२४ला दिब्रिटो गेले. धर्मगुरू, साहित्यिक, पर्यावरण कार्यकर्ते अशी त्यांची ओळख करून दिली जाते. माझी तक्रार मधल्या स्वल्पविरामांबद्दल आहे. ही तीन कामं वेगवेगळी नव्हतीच.

१९६७मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स'मधल्या लेखात आरोप केला, की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने माणसाला निसर्गाचा धनी केलं आणि आजच्या संकटाची मुळं तिथे आहेत. आरोप पोकळ नाही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला पृथ्वी ताब्यात घ्यायला सांगतो. पण दुसऱ्या अध्यायात तो माणसाला बागेत ठेवतो, तेव्हा दोन कामं देतो. त्यासाठीची हिब्रू क्रियापदं आहेत 'आवाद' आणि 'शामार'. पहिल्यात मशागत आहे आणि सेवाही. दुसऱ्यात आहे राखण. ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस त्या शेताचा मालक असेलच असं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्याला मेंटेनर म्हणतात : कोड त्याच्या मालकीचा नसतो, मोडला तर जाब मात्र त्याला द्यावा लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात हे दोन्ही अध्याय एकत्र वाचायला लावले आणि ख्रिस्ती लोकांनीही कधीकधी चुकीचा अर्थ लावल्याचं मान्य केलं. वसईत हे वाचन पाव शतक आधीच सुरू झालं होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथला हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, टँकरवाले विहिरी उपसून पाणी विकत होते. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात दिब्रिटो पुढे होते. धमक्याही आल्या. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तो ग्रंथ रोजच्या मराठीत आणणं हा त्यांचा एक अनुवाद. 'शामार' हे क्रियापद विहिरीच्या पाण्याच्या पातळीपर्यंत आणणं हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त अवघड.

पण या दुसऱ्या अनुवादातही एक अडचण राहते. आपली बाग राखायची म्हणजे तिला कुंपण घालायचं का? नालासोपाऱ्यात परवडणारं घर शोधणारा, टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारा माणूसही येशूच्या व्याख्येत शेजारीच ठरतो. 'आमचं हिरवं वाचवा' म्हणणाऱ्या कुठल्याही चळवळीला हा प्रश्न टाळता येत नाही, हरित वसईलाही नाही. पृथ्वीचा आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, असं 'लौदातो सी' सांगतं. पिण्याचं सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानतं.

ही कसोटी लावली, की वसईचा टँकर आणि मिरजेची रेल्वे यांतला फरक दिसतो. पाणी दोघांनीही हलवलं. टँकर पैसे असलेल्याकडे जातो, विहिरीचं काय होईल ते होवो. रेल्वे तहान असलेल्याकडे गेली. राखणं आणि वाटणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. वाटायला काही उरावं म्हणून राखायचं असतं.

मी ख्रिस्ती नाही. तरी हा प्रश्न मला वसईत ठेवून येता येत नाही. आमच्या माढा तालुक्यात ऊस आहे, बोअर आहेत, आणि प्रत्येक बोअरला सातबाऱ्यावर एक मालक आहे. त्याच्या खालच्या पाण्याला राखणदार आहे का, एवढंच दिब्रिटोंना वाचल्यापासून मी विचारतोय.