सेरह : वंशावळीतील एक नाव

बायबलमधील वंशावळी म्हणजे वाचकाच्या सहनशीलतेची परीक्षा, असा सर्वसाधारण समज आहे. अमक्याचा पुत्र तमका, या ओळी भराभर ओलांडून आपण पुढच्या कथेकडे वळतो. परंतु वंशावळ हीदेखील एक साहित्यरचनाच आहे, आणि तिचे मर्म तिच्यातील अपवादांत सापडते, असे आम्हांला वाटते. आशेरची कन्या सेरह हा असाच एक अपवाद होय.

उत्पत्तीच्या ४६व्या अध्यायात याकोबाबरोबर मिसर देशात गेलेल्या कुटुंबाची यादी आहे. तीत इम्ना, इश्वा, इश्वी व बरीया या आशेरपुत्रांच्या पाठोपाठ त्यांची बहीण म्हणून सेरह येते. तिच्याविषयी याहून अधिक एक अक्षरही नाही. तरीही हा उल्लेख ओघात आलेला नव्हे. जिल्पेची संतती १६ असल्याचे ग्रंथकार सांगतो. गाद व त्याचे सात पुत्र मिळून आठ; आशेर, त्याचे चार पुत्र व बरीयाचे दोन पुत्र मिळून सात. सोळावी व्यक्ती सेरहच. तिला वगळले, तर याकोबाच्या घराण्याची ७० ही पूर्णसंख्याही उणी पडते.

गणनेच्या २६व्या अध्यायात ती पुन्हा भेटते. ही तर वीस वर्षांवरील, युद्धास जाण्याजोग्या पुरुषांची शिरगणती! आशेरच्या वंशात असे ५३,४०० पुरुष भरले. त्याच अध्यायात सलाफहादच्या पाच कन्या आहेत. पण पुढे त्या वारसाहक्क मागणार आहेत. योखबेद व मिर्याम आहेत, त्या मोशेची आई व बहीण म्हणून. सेरहच्या नावाला मात्र असे कोणतेच निमित्त नाही. ती कोणाची पत्नी वा माता असल्याचेही लेखक सांगत नाही.

या मौनाने यहुदी परंपरेला स्वस्थ बसू दिले नाही. दोन्ही याद्यांमध्ये मिसरमधील दीर्घ वास्तव्याचा काळ लोटलेला. तेव्हा सेरह तितकी वर्षे जगली असली पाहिजे, असे परंपरेने मानले. योसेफाला कोठे पुरले होते हे मोशेला तिनेच दाखवले, असे तालमूदच्या ‘सोता’ या प्रकरणात म्हटले आहे. योसेफ जिवंत असल्याची वार्ता वृद्ध आजोबांना तिने वीणेच्या साथीने गाऊन सांगितली, असे उत्तरकालीन कथा सांगते. या आख्यायिका मनोहर आहेत. पिढ्यांची स्मृती जपणारी वृद्धा त्यांनी निर्माण केली, हे त्यांचे श्रेय. तथापि, नाव टिकायचे तर काही कर्तृत्व हवे, हा आग्रहही त्यांत डोकावतो. मूळ ग्रंथ तसा आग्रह धरत नाही. सेरहने काही केल्याची नोंद नाही, तरी ती मोजली गेली आहे. आम्हांला हेच अधिक मोलाचे वाटते.

पुढे लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, मंदिरातील बाळ येशूला ओळखणारी ८४ वर्षांची हन्ना येते आणि ती आशेरच्या वंशातील असल्याचे लूक आवर्जून नोंदवतो. सेरहशी तो तिचा संबंध जोडत नाही. आपणही ओढूनताणून जोडू नये. पण ज्याने जुनी यादी वाचली आहे, तो वाचक त्या वंशनामापाशी क्षणभर थांबेल.

आपल्या घरांतील वंशवृक्षांत मुलींच्या जागा बहुधा रिकाम्याच असतात. बायबलमधील बहुतेक याद्यांचीही तीच रीत आहे. म्हणूनच, त्या रीतीत न बसणारे हे एक नाव वाचकाने ओलांडून जाऊ नये.