सही कोणाची? तिसरीच्या गृहपाठाचा एक कागद वाचताना

संशोधनाला लागायच्या आधी एक सराव करून बघा. शाळेनं पालकांना दिलेला कुठलाही साधा कागद घ्या आणि त्यावर दोन पानं लिहा. मला बाळापूरला असा एक कागद मिळाला होता. ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेतला, तिसरीच्या वर्गाचा. (शाळेचं नाव इथं देत नाही. परवानगी नसेल तर तुम्हीही देऊ नका.) त्यात होतं: रोज 20 मिनिटं मोठ्यानं वाचन, 10 मिनिटं पाढे आणि स्पेलिंग, आठवड्याला बायबलमधलं एक वचन पाठ, आणि वहीत रोज पालकाची सही.

माझी नजर थेट वचनावर गेली. तुमचीही जाईल. ख्रिस्ती शाळा म्हटली की आपण धर्म शोधायला लागतो. मी आठ पानं लिहिली ती सगळी ‘अभ्यासक्रमातून धर्मप्रसार’ या सुरात. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘सही कोणाची?’

आधी माझी चूक सांगतो. पाठ्यक्रमात काय आहे यावरून मुलाचं काय झालं हे कळत नाही. जोतीराव फुले 1841 ते 1847 पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. बाबा पदमनजीही मिशनच्याच शाळांत शिकले आणि 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण अहमदनगरला सिंथिया फॅरार यांच्याकडे झालं असं सांगतात. त्यातून पुढे काय उभं राहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळा एकाच जातीच्या, वाटा वेगळ्या. माझ्या आठ पानांत याला जागाच नव्हती.

आता कागदाची चूक. वचन बाजूला ठेवा आणि नुसती बेरीज करा. रोज 30 मिनिटं, पाच दिवस, म्हणजे आठवड्याला अडीच तास. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितलाय. पाठांतर धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. हे मी पहिल्या मसुद्यात मोजलंच नव्हतं, कारण मला वचनं मोजायची घाई होती.

आणि सही. कागद गृहीत धरतो की संध्याकाळी घरी कोणीतरी रिकामं आहे, आणि त्याला इंग्रजी वाचता येतं. वऱ्हाडात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी चालू असते. माय दिवसभर वावरात. घरी येऊन चूल. एका आईला मी विचारलं, वही बघता का? ती म्हणाली, ‘‘काय लिहेल हाय ते मले काय समजते? बाईनं म्हटलं सही करा, केली.’’ दुसऱ्या घरी तर मोठी बहीणच आईची सही ठोकत होती, आणि चांगली ठोकत होती!

इथं वचनाचा प्रश्न परत येतो, पण वेगळ्या दारानं. संविधानाच्या 28(3) कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण घ्यायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. या कागदावर वचन पाढ्यांच्या रांगेत बसलंय. त्याला वेगळा रकाना नाही, ‘नको’ म्हणायची सोय नाही. न वाचता केलेली, किंवा बहिणीनं केलेली, रोजची सही ही संमती धरायची का? शाळेनं धर्म शिकवावा की नाही, यापेक्षा मला हा प्रश्न जास्त टोचतो. तो त्या आईचा आहे. आणि वचनाऐवजी श्लोक असता तरी तो असाच राहिला असता.

तुमच्या हातात असा कागद आला तर वही मागून घ्या, परवानगीनं. जुलैतल्या सह्या आणि डिसेंबरातल्या सह्या शेजारी ठेवा. अक्षर कुठं बदलतं ते बघा, आणि त्या आठवड्यात वावरात काय चाललं होतं तेही विचारा.